गोळ्या सुरू झाल्यापासून भाऊ एका जागी बसतच नाही (अँटीसायकोटिक औषधं आणि हालचालींचे साईड इफेक्ट्स)

रिकामी_वही
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुभूद्याघ्या.

लहान भाऊ, वय २३. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं आणि रिसपेरिडोन (भास, संशय कमी करणारं अँटीसायकोटिक औषध) सुरू केलं. त्याचा फायदा झाला हे आधीच सांगते, कानात आवाज यायचे ते बरेच कमी झालेत, रात्री झोपतो, आमच्याशी बोलतो. पण आता हे नवीनच सुरू झालंय. खाटेपासून दारापर्यंत फेऱ्या, दारापासून परत खाटेपर्यंत. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठतो. उभा राहिला तरी एकदा या पायावर वजन टाकतो एकदा त्या पायावर, सारखं चालूच. विचारलं तर म्हणतो "ताई, आतून कसंतरीच होतंय, बसवत नाही". दवाखान्यात फोन केला तर तिथल्या माणसाने सांगितलं की अस्वस्थता आहे म्हणजे आजार आटोक्यात आलेला नाही, डोस वाढवायचा. वाढवला. तर फेऱ्या दुप्पट.

आई म्हणते गोळ्या बंदच करून टाकू. मला ते पण पटत नाही आणि डोस वाढवणं पण पटत नाही. कुणाच्या घरी असं झालंय का?

पाचवा_मजला
वाचतेय. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, आमच्याकडेही असंच एक औषध, क्वेटियापिन, चालू आहे.

रात्रपाळी
ताई, मी मानसोपचार विभागात काम करतो. नेटवर निदान करणं बरोबर नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय, विशेषतः उभं राहून पाय बदलत राहणं आणि 'बसवत नाही' हे शब्द, ते वाचून पहिली शंका अकॅथिसियाचीच (एका जागी बसूच न देणारी आतली अस्वस्थता) येते. हा औषधाचा साईड इफेक्ट आहे, बहुतेक वेळा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत दिसतो. रिसपेरिडोन, हॅलोपेरिडॉल, एरिपिप्राझोल, लुरासिडोन, कॅरिप्राझिन या सगळ्यांनी होऊ शकतो.

यातली खरी गोम अशी की बाहेरून बघणाऱ्याला अकॅथिसिया आणि आजार वाढल्यामुळे येणारी बेचैनी जवळपास सारखीच दिसते. मग डोस वाढतो, डोस वाढला की अकॅथिसिया वाढतो, तो वाढला की पुन्हा वाटतं आजारच वाढला, आणि हे चक्र चालू राहतं. तुमच्याकडे अगदी हेच होतंय असं दिसतं. फरक ओळखायला एक प्रश्न फार उपयोगाचा आहे. भावाला शांतपणे विचारा की तुला भीती वाटते म्हणून फिरतोस, कुणी मागे लागलंय असं वाटतं म्हणून फिरतोस, की पायांनाच हलावंसं वाटतं म्हणून फिरतोस? बरेच पेशंट हे अगदी स्पष्ट सांगतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

आणि एक गंभीर गोष्ट. अकॅथिसिया तीव्र असला की जीव नकोसा होतो, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. त्यामुळे पुढच्या तारखेची वाट बघू नका, एक दोन दिवसात प्रत्यक्ष दाखवा. तसं काही बोलला तर त्याच दिवशी. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

शून्यप्रहर
मी स्वतः यातून गेलोय म्हणून लिहितो. माझं निदान बायपोलर आणि औषध वेगळं होतं, पण हे तेच.

बाहेरच्या माणसाला सांगणं फार अवघड आहे. दुखत नाही कुठे. खाज नाही, मुंग्या नाहीत. अंगात कुणीतरी मोटर चालू करून ठेवलीय आणि बंद करायचं बटण सापडत नाही असं काहीतरी. बसलो की अर्ध्या मिनिटात वाटायचं आता उठलो नाही तर काहीतरी होईल, उठलो की दोन मिनिटं बरं, परत तेच. टीव्ही बघणं संपलं, पुस्तक संपलं, केस कापायला खुर्चीत बसणंसुद्धा संपलं. सगळ्यात वाईट म्हणजे घरचे सारखं म्हणायचे "अरे जरा बस ना एका जागी". मला जमत असतं तर बसलो नसतो का?

तर ताई, त्याला बस म्हणू नका. त्याच्याबरोबर चाला. जेवण उभ्याने खाऊ दे. आणि डॉक्टरकडे जाताना त्याचा व्हिडिओ घेऊन जा कारण तिथे खुर्चीत पाच मिनिटं माणूस कसाबसा दम धरून बसतो आणि डॉक्टरांना काही दिसतच नाही.

सडेतोड
मी स्पष्टच बोलतो, कुणाला राग आला तर येऊ दे. ही सगळी औषधं म्हणजे मेंदू बधिर करायचा धंदा आहे. मुलगा आधी ऐकत होता आवाज, आता पाय थरथरतात, उद्या तोंड वाकडं होईल, मग त्यावर अजून गोळ्या. बंद करा सगळं, शरीर आपोआप साफ होतं. आई बरोबर बोलतेय.

औषधवाला
सडेतोड साहेब, तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन खऱ्या आहेत, साईड इफेक्ट असतात आणि एकावर एक गोळ्या चढत जातात. पण 'बंद करा' हे लिहिण्याआधी थोडा विचार करायचा होता. अचानक बंद केल्यावर आजार उलटतो हे तर झालंच, शिवाय अचानक बंद केल्यानेही अकॅथिसिया आणि तोंडाच्या वेड्यावाकड्या हालचाली सुरू होऊ शकतात. म्हणजे ज्यातून सुटायला बंद केलं तेच पदरात पडतं. कमी करायचंच असेल तर हळूहळू, टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आता हे होतं कसं ते थोडक्यात. ही औषधं मेंदूत डोपामिन या संदेश नेणाऱ्या रसायनाचे डी-२ रिसेप्टर (ते जिथे चिकटतं त्या जागा) अडवतात. भास, संशय कमी होतात ते त्यामुळेच. पण हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या भागातही डोपामिनच लागतं, आणि औषध काही भाग बघून जात नाही. पेट (PET) स्कॅनच्या, म्हणजे मेंदूत किती रिसेप्टर अडलेत ते दाखवणाऱ्या स्कॅनच्या अभ्यासांतून असं दिसलं की साधारण ६५ टक्के रिसेप्टर अडले की औषधाचा गुण दिसायला लागतो आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की हालचालींचे त्रास वाढतात. म्हणजे मधली पट्टी अरुंद आहे. म्हणून कित्येकदा डोस थोडासा खाली आणला तरी गुण तोच राहतो आणि त्रास जातो. क्लोझापिन आणि क्वेटियापिन हे रिसेप्टरला सैल पकडतात, त्यांच्यात हा त्रास सगळ्यात कमी. एरिपिप्राझोल जरा वेगळ्या पद्धतीने काम करतं, त्यात ताठरपणा कमी येतो पण अकॅथिसिया बऱ्यापैकी दिसतो.

अजून एक, जे काउंटरवर रोज बघतो. सोबत दुसरं काय चालू आहे ते बघा. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन डिप्रेशनसाठी चालू असेल तर ते लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवतात आणि रिसपेरिडोन, एरिपिप्राझोल, हॅलोपेरिडॉल यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. डोस कागदावर तोच, अंगात जास्त. सिगरेटचं उलटं आहे, धुरामुळे ओलांझापिन आणि क्लोझापिन लवकर निघून जातं, आणि माणसाने सिगरेट सोडली (चांगलीच गोष्ट!) की तेवढाच डोस अचानक जड पडतो. सिगरेट सोडताना डॉक्टरांना सांगायचं असतं हे कुणालाच माहीत नसतं.

रिकामी_वही
सगळ्यांचे खूप आभार. रात्रपाळीदादा, तुम्ही सांगितलेला प्रश्न विचारला. तो लगेच म्हणाला "पायच, ताई. भीती नाही वाटत आता". मी एकदम रडायलाच लागले. उद्याची वेळ घेतलीय, व्हिडिओ काढून ठेवला. फ्लुओक्सेटिन चालू नाही.

अजून एक विचारायचं होतं, दवाखान्याच्या चिठ्ठीत ट्रायहेक्सीफेनिडिल पण आहे, 'साईड इफेक्ट येऊ नये म्हणून' असं सांगितलं होतं. मग तरी असं का झालं?

रात्रपाळी
चांगला प्रश्न. ट्रायहेक्सीफेनिडिल डिस्टोनियावर (मान, जबडा असे स्नायू आवळून वाकडे होणं) आणि औषधामुळे येणाऱ्या पार्किन्सनसारख्या ताठरपणावर चांगलं चालतं, अकॅथिसियावर फारसं नाही. अकॅथिसियासाठी आधी डोस कमी करता येतो का ते बघतात, नाहीतर औषध बदलतात, आणि जोडीला प्रोप्रॅनोलॉल देतात (दमा असेल तर हे चालत नाही, आठवणीने सांगा). काही जणांना कमी डोसचं मर्टाझापिन किंवा थोडे दिवस क्लोनाझेपामही दिलं जातं.

सगळ्यांनाच पहिल्या दिवसापासून ट्रायहेक्सीफेनिडिल लावून ठेवायची पद्धत मला व्यक्तिशः आवडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही सरसकट प्रतिबंधासाठी देऊ नये असंच म्हटलंय. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, नजर धूसर होते, वयस्क माणसांची लघवी अडते, आणि स्मरणशक्तीवर परिणाम होतो. मुलगा आधीच अभ्यासात मागे पडलेला असतो, त्यात हे. एकदा सुरू केलं की वर्षानुवर्षं कुणी बंद करायचं नाव काढत नाही. अर्थात तेही एकदम बंद करायचं नसतं.

जुना_पेपर
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. अकॅथिसिया हे नाव या औषधांच्या आधीचं आहे. लाडिस्लाव्ह हाश्कोव्हेट्स नावाच्या चेक न्यूरोलॉजिस्टने १९०१ मध्ये ते दिलं, न बसवणाऱ्या पेशंटबद्दल लिहिताना. पहिलं अँटीसायकोटिक क्लोरप्रोमाझिन पॅरिसला पेशंटना द्यायला लागले ते १९५२ साली, म्हणजे मधे अर्धं शतक.

आणि त्या काळात गंमत बघा (गंमत कसली), डॉक्टरांमध्ये असा समज होता की पेशंटचे हात ताठ झाले, चाल जखडली म्हणजे औषध लागू पडलं. ताठरपणा येईपर्यंत डोस चढवत न्यायचा. हा समज क्लोझापिनने मोडला, गुण येतोय आणि ताठरपणा जवळपास नाहीच. पण १९७५ मध्ये फिनलंडला क्लोझापिनवरच्या काही पेशंटच्या पांढऱ्या पेशी घसरून मृत्यू झाले आणि ते मागे पडलं, १९८८ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानंतर रक्त तपासणीच्या अटीवर परत आलं. सडेतोड म्हणतात तो राग समजू शकतो, इतिहासात त्याला कारणं आहेत. उपाय मात्र चुकीचा आहे.

सडेतोड
ठीक आहे, अचानक बंद करू नका हे मान्य. पण डॉक्टर हे सगळं आधी का सांगत नाहीत? चिठ्ठी लिहितात, दोन मिनिटात पुढचा पेशंट.

शून्यप्रहर
सडेतोडभाऊ, इथे मात्र तुम्हाला +१. मला आधी कुणी एक वाक्य सांगितलं असतं की "पाय शिवशिवायला लागले तर औषधाचा त्रास समज आणि फोन कर", तर निम्मी भीती गेली असती. मला वाटत होतं मी आता खरंच वेडा होतोय.

सावरीचा_कापूस
माझा अनुभव वेगळ्या प्रकारचा. मुलाला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मान एका बाजूला वळली ती वळलीच, जबडा आवळला, डोळे वर छताकडे गेले. शुद्धीवर होता, सगळं कळत होतं त्याला, बोलायला जात होता पण जीभ वळेना. एक नातेवाईक म्हणाले फिट आली, दुसरे म्हणाले नाटकं करतोय. हॉस्पिटलात नेलं तर तिथल्या सिस्टरने बघताक्षणी ओळखलं, विचारलं कुठलं औषध दिलंय, प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ. घरी येताना हसत होता.

रात्रपाळी
हा डिस्टोनिया. बहुतेक वेळा औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या चार पाच दिवसांतच येतो, तरुण पुरुषांमध्ये जास्त. फिटमध्ये झटके आलेला माणूस सहसा बेशुद्ध असतो, यात टक्क जागा असतो, हा मोठा फरक. दिसायला भयंकर पण इंजेक्शनने पटकन सुटतो. मात्र परत आवळू शकतो, म्हणून पुढे थोडे दिवस गोळी देतात, ती 'आता बरं आहे' म्हणून मधेच सोडू नका. घशाचे स्नायू आवळले, श्वासाचा आवाज यायला लागला तर एक मिनिट घालवायचा नाही.

तसंच ताप, अंग लाकडासारखं कडक, घाम आणि माणूस भ्रमात, असं एकत्र दिसलं तर तो न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असू शकतो. क्वचित होतो, पण जीवावर बेततो. थेट इमर्जन्सी, आणि कुठली औषधं चालू आहेत ती पाकिटं बरोबर.

औषधवाला
जाता जाता, डिस्टोनिया फक्त मानसिक आजाराच्या औषधांनी होतो असं नाही. उलटीवर देतात ते मेटोक्लोप्रामाइड आणि चक्कर-उलटीवरचं प्रोक्लोरपेराझिन, दोन्ही डोपामिनच अडवतात. लहान मुलं आणि तरुणांमध्ये त्याने मान वाकडी झालेली मी बघितलीय. आणि ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं, ते महिनोन्महिने घेतलं की वयस्क लोकांचे हात कापायला लागतात, चाल मंदावते, आणि घरचे समजतात पार्किन्सन झाला. आजोबांना कंप सुटला तर आधी त्यांचा औषधाचा डबा उपडा करून बघा.

पाचवा_मजला
बापरे. आत्ता उठून डबा बघून आले. क्वेटियापिन सासूबाईंचं आहे, आधी बरीच वर्षं दुसरं काहीतरी जुनं औषध होतं. त्या हल्ली सारखं तोंड चाळवतात, काही चघळत असल्यासारखं, मधेच जीभ बाहेर येते. आम्हाला वाटलं कवळी सैल झालीय. त्यांना विचारलं तर म्हणतात "कुठे काय, मी काही करत नाही". हे पण यातलंच का?

रात्रपाळी
ताई, कवळीमुळेही होऊ शकतं, पण दाखवून घ्या. टार्डिव्ह डिस्किनेसिया, आम्ही टीडी म्हणतो, तो असाच दिसतो. महिने किंवा वर्षं औषध घेतल्यावर येतो, स्वतःला जाणवत नाही, ताणात वाढतो, झोपेत पूर्ण थांबतो. जुन्या पिढीच्या औषधांवर दर वर्षी साधारण शंभरात पाच जणांना होतो आणि वय जास्त असेल तर प्रमाण कितीतरी वाढतं. बायकांमध्ये, डायबेटिस असलेल्यांमध्ये धोका जास्त.

घरी बघायचं तर असं. कवळी काढायला सांगा, तोंडात काही नाही ना विचारा. हात मोकळे सोडून खुर्चीत बसवा आणि नुसतं बघत रहा. मग तोंड उघडायला सांगा आणि जीभ आत आरामात असताना ती वळवळतेय का ते बघा, हे दोनदा करा. मग त्यांना अंगठ्याने एकेक बोटाला टेकवत रहायला सांगा, आधी एक हात मग दुसरा, आणि तुम्ही हाताकडे बघूच नका, चेहरा आणि पायांकडे बघा. लक्ष दुसरीकडे गेलं की दडलेली हालचाल वर येते. शेवटी चार पावलं चालायला लावा. आम्ही ज्या पद्धतीने तपासतो तीच ही, सहा महिन्यांनी एकदा व्हायला पाहिजे, होत नाही हे खरंय.

औषधवाला
टीडीमध्ये एक फसवं वळण आहे ते सांगून ठेवतो. औषध कमी केलं की सुरवातीला हालचाली वाढलेल्या दिसतात आणि डोस वाढवला की झाकल्या जातात. त्यामुळे डोस वाढवून 'बरं' करायचा मोह होतो, पण आत ते चालूच राहतं. आणि ट्रायहेक्सीफेनिडिलने टीडी बरा होत नाही, उलट वाढू शकतो, त्यामुळे सासूबाईंना ते चालू असेल तर डॉक्टरांना नक्की विचारा. टीडीसाठी म्हणून व्हॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन ही औषधं अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झाली. त्यांच्या आधीपासूनचं टेट्राबेनाझिनही वापरतात, त्याने मन उदास होऊ शकतं एवढं लक्षात ठेवायचं. लवकर पकडला तर सुटायची शक्यता जास्त.

पाचवा_मजला
ट्रायहेक्सीफेनिडिल चालू आहे!! बरीच वर्षं. तारीख घेते लगेच. धन्यवाद, हा धागा नसता तर कवळी बदलायला गेलो असतो आम्ही.

रिकामी_वही
जाऊन आलो. यावेळी वरिष्ठ डॉक्टर होत्या, व्हिडिओ बघून त्यांनी लगेच अकॅथिसियाच म्हटलं. वाढवलेला डोस परत खाली आणला, प्रोप्रॅनोलॉल दिलं, ट्रायहेक्सीफेनिडिल हळूहळू काढायचं ठरलं. आता काही दिवस झालेत, फेऱ्या पूर्ण गेल्या नाहीत पण काल पूर्ण जेवण बसून केलं. आवाज परत आले नाहीत. आईचं 'बंद करू' पण थांबलं.

आता पुढचा पेच. डॉक्टर म्हणाल्या सगळं स्थिर झालं की महिन्यातून एकदाच्या इंजेक्शनचा विचार करू, रोजच्या गोळीची कटकट नको. मला भीती वाटतेय. परत असं झालं तर इंजेक्शन काढून कसं घेणार?

शून्यप्रहर
मी घेतो इंजेक्शन. मला सोयीचं वाटतं, घरात रोज "गोळी घेतली का" हा प्रश्न संपला हीच मोठी शांतता. पण मी आधी त्याच औषधाच्या गोळ्या बरेच महिने घेऊन बघितल्या होत्या.

रात्रपाळी
तुमची शंका अगदी रास्त आहे ताई. एकदा दिलेलं काढता येत नाही, म्हणूनच आधी त्याच औषधाची गोळी नीट सोसते का ते बघतात. भावाला अकॅथिसिया होऊन गेलाय, तेव्हा गोळीच्या ज्या डोसवर तो शांत बसू शकतो तो डोस आधी पक्का होऊ दे, त्याच्या हिशोबाने इंजेक्शनचा डोस ठरवा, घाई नको. प्रोप्रॅनोलॉल कधी थांबवायचं तेही आधीच ठरवून घ्या, नाहीतर नेमकं इंजेक्शनच्या वेळेला ते बंद होतं आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही. कुठलं इंजेक्शन ते नावानिशी विचारा, कारण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. रिसपेरिडोनचं दोन आठवड्यांनी द्यायचं जुनं इंजेक्शन आहे त्यातलं औषध मुख्यतः तिसऱ्या आठवड्यानंतर रक्तात यायला लागतं, तोवर गोळी चालू ठेवावी लागते. म्हणजे पहिले पंधरा दिवस काही झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तपासणीची वेळ चौथ्या ते सहाव्या आठवड्यात मागून घ्या, आणि तेव्हाही व्हिडिओ न्या.